सुई का उडत नाही

मुकुल,

सोसायटीची कमिटी धडधडीत खोटं बोलते. शेजारच्या बांधकामात पायाचे खांब ठोकतात, त्या पाइलिंगने आपली बिल्डिंग हादरत नाही म्हणे! पुरावा काय, तर आपल्या बाबांच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई उडत नाही. अरे, ती उडू नये म्हणून तर मी स्क्वॉशचे बॉल अर्धे कापून प्लेअरला खाली पाय लावले! तूच धरले होतेस ना बॉल? तरी ‘हादरे नाहीत’ या पत्रावर सही ठोकलीस?

बाबांच्या पलंगामागची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली आहे. त्यांना घेऊन मी पार्ल्याला मावशीकडे जाते आहे. प्लेअरचे ते रबरी पाय काढून टेबलावर ठेवलेत. आता रेकॉर्ड लाव, सुई कशी नाचते ते बघ, आणि फोन करून सांग: सही का केलीस?

ताई