आईचा थांबा

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. आम्ही सर्व खुशाल आहोत. फक्त घरासमोरचा बसथांबा खुशाल नाही. त्याच्या पत्र्याला इतकी भोकं पडली आहेत की सावलीसुद्धा गाळून मिळते, आणि बाकाची एक फळी कुणीतरी उचकटून आपल्या संसाराला लावली आहे. परवा पालिकेची माणसं आली, खांबावर पिवळी फुली मारली आणि मौन राखून निघून गेली. या फुलीचा अर्थ आमच्या शाळेच्या संस्कृत विभागाला, म्हणजे मला, लागत नाही. तू पालिकेची सभासद, त्यातून परिवहन समितीवर. म्हटलं, टीकाकारांच्या नादी लागण्यापेक्षा मूळ ग्रंथकर्त्यालाच विचारावं.

थट्टा बाजूला ठेवतो. बाबा गेल्यावर आई वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून होती, हे तू पाहिलं आहेस. तुझ्या वहिनीनं सगळे उपाय केले. मी उपदेश केला, जो वर्गातली मुलंही ऐकत नाहीत. मग एका दुपारी ती आपणहून उठली आणि समोरच्या थांब्यावर जाऊन बसली. तेव्हापासून ऊन कललं की शाल घेऊन निघते, ती दिवे लागल्यावर परत येते. बस पकडत नाही, नुसती बसते. शेजारी निवृत्त नर्सबाई, पलीकडे घड्याळजी, आणि मागून जमणारी चार टाळकी. घरात माझ्याशी हं आणि हूं यांवर भागवणारी आई तिथं सरन्यायाधीश असते. त्यापुढे चालायला गुडघे तयार नाहीत. त्या मंडळींना घरी बोलावून पाहिलं, पण एकदा आलेलं माणूस पुन्हा येत नाही. वहिनीचं म्हणणं, तो माझ्या विद्वत्तेचा प्रभाव आहे.

तेव्हा फुलीचं काय ते कळव. फोन नको. फोनवर आईला ऐकू येत नाही, आणि तुझं पत्र ती दोनदा वाचून घेते.

अलमति विस्तरेण. लोभ आहेच, तो ठरावाविना वाढू द्यावा.

तुझा दादा


दि. १० फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फुलीचा अर्थ सरळ आहे: मोजायचं राहिलं आहे.

शहरातले सगळे थांबे मोडकळीला आलेत आणि पालिकेच्या तिजोरीचं म्हणशील, तर झाडलं तरी धूळच पडेल. अशात एक जाहिरात कंपनी पुढे आली आहे. ती नवे थांबे फुकट बांधून देणार आणि बदल्यात त्यांवर स्वतःच्या जाहिराती लावणार. पण जिथं गर्दी तिथंच. रिकाम्या थांब्यावरची जाहिरात कोण बघणार? म्हणून येत्या आठवड्यात प्रत्येक थांब्यावर बसमध्ये चढणारी माणसं मोजतील. गर्दीचे थांबे कंपनीकडे जातील. बाकीच्यांचं छप्पर आणि बाक काढून नुसता खांब आणि पाटी ठेवायची, असा प्रस्ताव आहे.

आणि दादा, आपल्या थांब्यावर बसणारे पुष्कळ असले तरी चढणारं कुणी नाही. बसणाऱ्यांसाठी तक्त्यात रकाना नाही. मी अभियंत्यांना विचारलं, तर ते अगदी नम्रपणे म्हणाले की थांबा ही बससाठी वाट बघायची जागा आहे, वाट न बघताच बसणाऱ्यांचं खातं वेगळं असेल.

मी आईसाठी समितीत भांडू शकत नाही, हे तुला सांगायला नको. आईचा बाक वाचवायला बाई निवडून आल्या, असं उद्या सगळा गाव म्हणेल. पण मी एक गोष्ट बघते आहे. काय ते विचारू नकोस आणि तू आपल्या परीनं काहीही करू नकोस. तुझ्या परीची मला लहानपणापासून भीती आहे.

वहिनीला नमस्कार. तिचा खोकला कसा आहे?

यातलं अक्षरही आईला कळता कामा नये. हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस.

तुझी धाकटी


दि. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. ज्या सूचनेवर सर्व अर्थ अवलंबून आहे ती ग्रंथाच्या शेवटी घालू नये, हा साधा संकेत तू विसरलीस. पत्र आलं की चहाच्या वेळी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायचं, पुढची ओळ आधी डोळ्यांखालून घालायची नाही, ही बाबांची रीत. मी ती पाळली. ‘मोठ्यानं वाचू नकोस’ हेदेखील मी खणखणीत आवाजात वाचलं. तुझ्या वहिनीनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा चहा मला मिळालाच नाही.

आई हं म्हणाली. मग तुझा मजकूर पुन्हा वाचायला सांगितला, विशेषतः मोजणीचा भाग. नंतर शाल उचलून नेहमीसारखी बाहेर पडली.

त्यानंतर इथं सांगण्यासारखं काही घडलेलं नाही. आईची तब्येत उत्तम आहे. थोडं फिरणं वाढवलं आहे. डॉक्टरांनी हालचाल सांगितलीच होती. नर्सबाईही ठणठणीत. घड्याळजींनी नवे बूट घेतले.

वहिनीचा खोकला गेला, राग आहे.

स्नेह ठेवावा, आणि फार खोलात जाऊ नये.

दादा


दि. ८ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

काल सकाळी मी आनंदानं हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता रागानं पुरं करते आहे. तेव्हा दोन्ही सुरांत वाच.

आनंद असा. कंपनी जाहिरातींपोटी पालिकेला दरवर्षी भाडं देणार आहे. एरवी ते सर्वसाधारण तिजोरीत जाऊन उद्घाटनांच्या हारातुऱ्यांत संपलं असतं. मी उपसूचना मांडली की हे भाडं वेगळं ठेवावं आणि त्यातून कमी गर्दीच्या थांब्यांवर पालिकेनंच साधे निवारे बांधावेत. वर पक्कं छप्पर आणि पाठ टेकता येईल असा लांब बाक. माझ्या आईचा थांबाही यात येऊ शकतो, हे मी सभेत आधीच सांगून टाकलं. तरीही उपसूचना एका मताच्या फरकानं मंजूर झाली. दादा, मी घरी येऊन एकटीच हसत बसले होते. बाकाला पाठ हवी, हे मी केवळ आईची पाठ डोळ्यांपुढे आणून लिहिलं होतं.

आता राग. संध्याकाळी मोजणीची यादी आली. आपला थांबा कमी गर्दीच्यांत नाही. तो बाजारपेठेच्या खालोखाल गर्दीचा थांबा ठरला आहे! म्हणजे तो कंपनीकडे गेला. कंपनीचा नमुना मी पाहिला आहे. काचेची भिंत, त्यात रात्रंदिवस उजळणारी जाहिरात, आणि बाकाच्या जागी एक तिरकी नळी. तिला टेकून उभं राहायचं असतं. माणसं फार वेळ बसू नयेत म्हणून ती मुद्दाम तशी करतात.

घड्याळजींचे बूट आत्ता माझ्या डोक्यात पडले. काय केलंत तुम्ही लोकांनी?

धाकटी


दि. १२ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद, तू घेशील तेवढे.

वि. वि. कर्ती आई. मी निमित्तमात्र, आणि तेही भिजलेला.

त्या चहानंतर आईनं थांब्यावर सभा भरवली. तुमच्या सभेपेक्षा ती लवकर संपली, कारण एकच वक्ता होता. ठरलं असं की मोजणीच्या आठवड्यात सगळ्यांनी बसमध्ये चढायचं, पुढच्या थांब्यावर उतरायचं, परतीच्या बसनं यायचं आणि पुन्हा चढायचं. घड्याळजींनी गाड्यांच्या वेळा लावून दिल्या. नर्सबाईंनी कुणाच्या गुडघ्यांना किती फेऱ्या झेपतील ते ठरवलं. पायरी उंच, म्हणून आईला चढवायला मी. एका संध्याकाळी अवकाळी पाऊस आला, तर मी म्हटलं आज राहू दे. त्यावर आई बाबा गेल्यापासूनचं सर्वांत लांब वाक्य माझ्याशी बोलली. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तुला कळवलं नाही, कारण तू तत्त्वाची बाई, नको म्हणाली असतीस. तू आम्हांला कळवलं नाहीस, कारण आम्ही पोटात ठेवणारी माणसं नव्हेत. दोघांनी एकाच बाकाला दोन बाजूंनी धरून ओढलं आणि तो मधोमध मोडला. तर्कशास्त्रात याला काय म्हणतात ते मला येतं, पण तुझी वहिनी म्हणते, आत्ता नको.

नळीचं मी आईला वाचून दाखवलं. या वेळी हंदेखील म्हणाली नाही. काल ऊन कललं तरी ती खोलीतून बाहेर आली नाही. भिंतीकडे तोंड होतं की नाही, हे दार उघडून बघायचं धाडस मला झालं नाही.

फेरमोजणी मागता येते का? पण मागायची तर कारण सांगावं लागेल, आणि ते तुझ्या अंगावर येईल. तेव्हा नकोच. माझं डोकं चालत नाही.

माया असू दे.

दादा


दि. २६ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

मी सभेत उभी राहून सांगितलं. माझ्या आईनं आणि भावानं मोजणी फुगवली, तिला कारण माझं पत्र, तेव्हा आमचा थांबा पुन्हा मोजावा. मग विरोधी बाजूचे लाकूडवाले काका उठले. मतदार गाड्यांत घालून आणलेले आपण आयुष्यभर पाहिले, पण आईनं स्वतःच प्रवासी होऊन यावं हे प्रथमच, असं ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, कारण रडणं कामकाजात नोंदवतात.

पण हसण्यावर निभलं नाही. अशा बाईची उपसूचना तरी का ठेवावी, असा प्रश्न आला. अध्यक्षांनी ठरवलं की फेरमोजणी होईल आणि थांबा खरोखर रिकामा निघाला तर बाईंचं बोलणं प्रामाणिक धरून उपसूचना राहील. दादा, शहरातल्या सगळ्या लहान थांब्यांचे बाक त्या एका आकड्याला टांगलेले होते. म्हणूनच मी तुम्हांला अवाक्षर कळवलं नाही. या वेळी शेवटच्या ओळीतसुद्धा नाही.

अभियंते आठवडाभर स्वतः तिथं उभे होते. आज आकडा आला. तो पहिल्यापेक्षा मोठा आहे! सभा मला विचारते आहे की बाई, तुमचा कबुलीजबाब खोटा होता का? अभियंते मात्र नुसते गालात हसतात. उपसूचनेचा निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे.

तुम्ही पुन्हा तेच केलंत का? मला राग येत नाही आता, थकवा येतो. आणि एकच कळव, आई उठली का?

धाकटी


दि. २७ मार्च

चि. धाकटीस आईचे आशीर्वाद.

तुझ्या दादाला लिहू दिलं तर तो मूळ मुद्द्याला उन्हाळ्यात पोचेल, म्हणून मीच लिहिते. अक्षर मोठं आहे, डोळे लहान झालेत.

मी दोन दिवस पडून होते हे खरं. तिसऱ्या दिवशी नर्सबाई खोलीत आल्या आणि चला म्हणाल्या. मी म्हटलं, कुठं, त्या नळीला टेकायला? तर म्हणाल्या, बसमध्ये. मोजणीच्या फेऱ्यांत आम्ही एकाच थांब्यापुरतं चढायचो आणि तेवढ्यात गप्पा तुटायच्या. त्यांना त्या पुऱ्या करायच्या होत्या. म्हणून आम्ही उतरलोच नाही, थेट शेवटपर्यंत गेलो. वर्षानुवर्षं ती बस माझ्या नाकासमोरून गेली, कुठं जाते ते मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी पाण्याची मोठी टाकी आहे आणि पुढे नुसतं मोकळं माळरान. तुझ्या बाबांना आवडलं असतं. परत येईपर्यंत मी इतकं बोलले की घसा बसला.

तेव्हापासून रोज जातो. आता आमची सगळी गल्ली येते, शेजारच्या गल्ल्यांतलेही येतात. तिकीट काढतो, जातो, येतो. यात लबाडी कुठं आहे? तुमचे साहेब मोजायला उभे होते, ते आम्हांला माहीतच नव्हतं. नर्सबाईंनी त्यांना विचारलं, किती वेळ झाला बस चुकून? दुसऱ्या दिवशी बिचारे आमच्याबरोबर टाकीपर्यंत आले. त्यांना साक्षीला बोलव. पहिली मोजणी खोटी, दुसरी खरी, आणि तू दोन्ही वेळा खरं बोललीस. हे सभेला समजत नसेल तर त्या सगळ्यांना बसमध्ये घालून इकडे पाठव.

आमच्या थांब्यावर काच येऊ दे, नळी येऊ दे. आम्ही तिथं आता टेकायपुरतेच असतो. पण टाकीजवळच्या थांब्यावर नुसता खांब आहे. पलीकडच्या वस्तीतल्या कामाला जाणाऱ्या बाया तिथं भर उन्हात डोक्यावर पदर धरून उभ्या असतात. चढणारं माणूस थोडं, म्हणून कंपनी तिथं जन्मात जायची नाही. तुझा तो पाठीचा बाक तिथं घाल. माझ्यासाठी मागत नाहीये, तेव्हा भांडायला तुला कुणाची चोरी नाही.

सभा जिंकलीस तरी ये, हरलीस तरी ये. गाडीनं नको, बसनं. तुझ्याकडून निघणारी बस आमच्याकडे येईपर्यंत भरते आणि मग मला उभं राहावं लागतं. तू आधी चढलेली असशील. खिडकीशी बस आणि शेजारी माझ्यासाठी जागा धर.

आई