एका रेघेची दुरुस्ती

३ मार्च
पोचले एकदाची! खोली झकास आहे. पूर्वेला खिडकी, भक्कम टेबल आणि न कुरकुरणारा पलंग. अठरा वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून दुसऱ्यांच्या चुकांपायी डोळे फोडून घेतले. आता तीन महिने एका शूर माणसाचं चरित्र लिहायचं. आपली तर चंगळ आहे.

साहेब नौदलातले. वय चौऱ्याऐंशी, पाठ अजून ताठ. भिंतीवर अकरा पदकं, रोज सकाळी पुसलेली. गुडघे मात्र गेलेत, तळघराचा जिना त्यांना उतरवत नाही. घर त्यांची विधवा सून सांभाळते. मी त्यांना वहिनी म्हणते. माझ्याआधी एक लेखनिक होते, चष्मेवाले. ते काम अर्धवट टाकून गेले, असं वहिनी म्हणाल्या. त्यांचं नशीब!

५ मार्च
साहेब घराचीही नोंदवही ठेवतात, थेट जहाजावरच्यासारखी. हवा, पाहुणे, गळके नळ, सगळं त्यात. मी आले त्या दिवशी लिहिलंय, ‘लेखनिक बाई जहाजावर दाखल.’ मला हसू आवरेना.

मग त्यांनी नियम समजावला. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी छोटी सही करायची. रेघ मारली की ती गोष्ट घडलीच नाही असं धरायचं. माझ्यासारखीला हा नियम भलताच आवडला.

९ मार्च
आज मोठ्या पदकाची हकीकत झाली. जहाजाला भोक पडलं, इंजिनाच्या खोलीत पाणी शिरलं. साहेबांनी लोखंडी दार लावून ते घट्ट आवळणारं बाहेरचं चाक फिरवलं आणि दीडशे माणसं वाचवली. आतले सहा जण आधीच बुडाले होते. सांगताना आवाज जराही हलला नाही.

पुढे जहाज भंगारात निघालं तेव्हा तेच दार त्यांनी विकत आणलं. खाली तळघरात कोठीला बसवलंय. कुणाला कसली हौस असेल, सांगता येत नाही.

१३ मार्च
तारखा ताडून बघायला त्या जहाजाची मूळ नोंदवही मागितली. त्यांच्याकडे ती कशी, हे विचारायला हवं होतं. साहेबांनी निमूट काढून दिली. त्या दिवसाचं पान:

‘चार दहा. दार बंद. आतून ठोकण्याचा आवाज.’
‘पाच पंचवीस. आवाज थांबला.’

‘आतून’पासून पुढे सगळ्यावर सरळ रेघा. शेजारी सही.

म्हणजे सहाही जण, निदान काही जण, सव्वा तास जिवंत होते. दार लावणं मी समजू शकते, दीडशे जीव होते. पण त्यांचं ठोकणंसुद्धा खोडायचं?

१४ मार्च
विचारलंच. साहेब म्हणाले, आवाज नव्हताच, ती नोंद चुकीची होती, चूक त्यांनी दुरुस्त केली. मी म्हटलं, हे खोटं माझ्या हातून लिहून होणार नाही. ते नुसते हसले.

मग घराची नोंदवही मागे चाळली. २ फेब्रुवारी, ‘लेखनिक काम सोडून उतरले.’ त्यावरही रेघ. सही.
उतरले नाहीत, तर आहेत कुठे?

१६ मार्च
जेवताना जमिनीखालून ठकठक. वहिनी घाईनं म्हणाल्या, नळ वाजतो. साहेबांनी मात्र घड्याळ पाहिलं.
उद्या दुपारच्या गाडीनं निघते. कुणाला सांगितलेलं नाही. ही वही उशीखाली ठेवते.

१७ मार्च, दुपारी साडेतीन
‘उद्या दुपारच्या गाडीनं निघते’ — माझ्या वहीत, माझ्या अक्षरावर, एक सरळ रेघ. त्यांची सही.

बॅग हातात आहे. वहिनी दिसत नाहीत, साहेब आरामखुर्चीत डोळे मिटून. फाटक उघडं. वीस पावलं, बस्स —

पुन्हा ठकठक. तीन वेळा. थांबून तीन वेळा. नळ मोजून वाजत नाही.

तो माणूस खाली आहे. दीड महिना — कसा जगला असेल? फाटक अजून उघडंच आहे. पण त्या सहा जणांच्या वेळी दार उघडायला कुणी नव्हतं. आज मी आहे. उघडते आणि दोघं पळतो.

कोठीत
चाक सहज फिरलं. तेल घातलेलं.
आत कुणी नाही. कोपऱ्यात एक चष्मा. दाराच्या आतल्या अंगाला ठोकल्याचे खड्डे, जुने, गंजलेले. त्यांच्यावर थोडे ताजे —

जिन्यावर काठी. साहेबांना तर जिना उतर —

दार लागलं. चाक फिरलं.

वर वीतभर काच, तेवढाच उजेड. पायाशी पाणी. घोट्यापर्यंत. चाखलं — खारट. इथे समुद्र कुठून —

मी ठोकते आहे. तीन, तीन. बाहेर साहेब वहिनींना मजकूर सांगताहेत. शांतपणे. लिही, म्हणतात. चार दहा. दार बंद. आतून ठोकण्याचा आवाज —

थांबले. ऐकताहेत. ऐकू जातंय त्यांना, नक्की —

नाही. त्यावर रेघ मार, म्ह