काय अवतार करून बसलीस

४ जुलै, शुक्रवार
आजपासून माझा जीवशास्त्राचा नवा ऑनलाइन वर्ग. लातूरच्या क्लासने पाठवलेला व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढवला आणि मुखेडच्या आमच्या मधल्या खोलीतून थेट मूत्रपिंडात! भिंती गुलाबी, नळ्या बोगद्याएवढ्या, आणि त्यातून मुलांचे अवतार पळतायत. अवतार म्हणजे तिथलं आपलं सोंग – हवं ते निवडायचं. मी निळा कोट आणि मोकळे केस निवडले. इथे घरी अंगावर विटका गाऊन, दोन दिवस न विंचरलेली वेणी.

संचालक बालाजी सरांनी माझी ओळख 'पुण्याच्या शिवांगी मॅडम' अशी टाकलीय. "पालकांना बरं वाटतं. भाषा तेवढी सांभाळा." मी हो म्हणाले. खरं तर मलाही बरंच वाटलं.

५ जुलै
भाषा सांभाळली. 'लई' एकदा ओठांवर आलं, गिळलं. सगळी मुलं प्रश्न विचारतात, एक देवणीची नाजिया सोडून. तिचा अवतार कायम मागे, माइक बंद. आपल्या बोलीला लाजत असणार. मला कळतं ते. पण कळतं असं दाखवायची सोय नाही.

७ जुलै, सोमवार
हे लिहूच नये असं वाटतंय.

वर्ग रंगात आला होता. हेडसेट लावला की खोलीतलं काहीच दिसत नाही. अचानक जवळून आईचा आवाज – "काय अवतार करून बसलीस गं शिवे! डोस्क्याला तेल तरी लावू दे." माइक चालू. अख्ख्या वर्गाने ऐकलं. 'अवतार' म्हटल्यावर तर सगळे खो खो हसले. आई आपली नेहमीसारखं बोलली होती, तिला बिचारीला काय माहीत.

आणि नाजियाचा माइक सुरू झाला. पहिल्यांदाच! "मॅडम, माझी अम्मी बी असंच म्हनती. कोन हायत त्या?" पोरगी इतकी खुलली होती.

मी म्हणाले, "कामवाल्या मावशी आहेत. गावाकडच्या. जरा जास्तच बोलतात."

नाजियाचा माइक बंद झाला.

मला वाटलं, आई केव्हाच आत गेली असेल. वर्ग संपल्यावर हेडसेट काढला तर समोरच उभी, हातात तेलाची वाटी.

"झालं का तुझं? जेवून घे. गार व्हायलंय."

एवढंच बोलली. तेल काही लावलं नाही.

८ जुलै
सकाळी म्हणाले, "आई, काल मी ते असंच –" तर म्हणते, "हाव, कळलं की. कामाच्या जागी बोलावं लागतंय काय बी." आणि भांडी घासायला बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. मला एम.एस्सी.ला नांदेडला पाठवायचं म्हणून सगळ्या भावकीशी भांडली होती ही बाई. तिला मी कामवाली म्हटलं, तेही ती समोर उभी असताना. लाजेने तिच्याकडे बघवत नाही.

९ जुलै
नाजियाला विचारलं, "कळलं का?" तिच्या अवताराने नुसती मान हलवली. तोंड उघडलेली पोर मीच पुन्हा गप्प केली.

आई आज दिवसभर माझ्या खोलीत आली नाही. पाणी उंबऱ्याशी ठेवून गेली.

१० जुलै
ठरलं. उद्या वर्ग सुरू झाला की सांगून टाकायचं – मी मुखेडची, आणि त्या दिवशी बोलली ती माझी आई. सिंधू तिचं नाव. बालाजी सर काढून टाकतील तर टाकोत. आरशासमोर म्हणून पाहिलं, जमलं. मग पोटभर जेवले.

११ जुलै
सुरुवातही केली होती – "मुलांनो, एक सांगायचंय." तेवढ्यात दार वाजलं. आमच्या घरात आतलं दार कोणी वाजवत नाही.

"मॅडम, भांडी झाली आहेत. मी निघते."

आईच. एकेक शब्द जपून, पाठ केल्यासारखा. 'हाय' नाही, काही नाही. सगळं शुद्ध.

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "बरं मावशी. या."