साढूभाऊंच्या गाडीची घरघर

तुमसर,
भाऊबीज होऊन तिसरा दिवस, १९८६

श्री. रा. रा. केशवराव साढूभाऊ यांस,

तुमसरहून यादोरावाचा साष्टांग नमस्कार. (मागच्या पत्रात नमस्कार घालायचा राहून गेला होता, तोही यातच धरावा.) ते पत्र वाचून तुमचे ब्लडप्रेशर वाढल्याचे मामाजींकडून कळले. आता उतरले असेल अशी आशा करतो. नसेल उतरले तर हे पत्र जेवणानंतर वाचावे. निर्मलाताईंचे गुडघे कसे आहेत? आमच्याकडे सर्व खुशाल आहे. म्हणजे मी खुशाल आहे, गाडी खुशाल आहे, आणि कुंताची तब्येतही चांगली आहे, फक्त ती बोलत नाही.

पहिलेच सांगून ठेवतो, हे पत्र माफीचे नाही, हकिकतीचे आहे. वाचताना मधेच कुठे माफीसारखे काही वाटले तर तो तुमचा चांगुलपणा समजावा. पण माझ्या त्या पत्रापायी ताईंनी कुंताला पत्र टाकणे बंद केले, आणि भाऊबीजेला दोघी बहिणी एकाच माहेरी वेगवेगळ्या वेळी जाऊन ओवाळून आल्या, हे काही बरे झाले नाही. पुढच्या आठवड्यात शहापूरच्या मंडईची जत्रा. बावीस वर्षे झाली, या दोघी मंडईच्या दिवशी एका सतरंजीवर बसून दंडारीचा खेळ पाहतात. (दंडार चार आणे पाहतात, बाकी बारा आणे तुमची-माझी निंदा.) यंदा ताई येणार नाहीत असा निरोप आला आणि कुंताने जाहीर केले, ताई नाही त मी बी नाही. तेव्हापासून मला घरात एकच वाक्य ऐकू येते, ‘ताट वाढलं.’

आता हकिकत. अक्षय तृतीयेला तुम्ही मला तुमची फियाट दिलीत, तेव्हा चहा पिता पिता तीनदा म्हणालात की मागचे दोन्ही स्पीकर कंपनीतूनच बसवून आले आहेत, बाहेरच्या माणसाचा हात लागलेला नाही. मी मान डोलावली. पहिला महिनाभर टेप असा वाजला की तुमसरच्या बाजारात माणसे दुकानातून बाहेर येऊन पाहत. मग हळूहळू त्यात घरघर सुरू झाली. आधी फक्त तबल्याला, मग पेटीला, आणि दसऱ्याच्या सुमारास गाणाऱ्यालाही. नेमके त्याच वेळी मामाजींना गाडीत बसवून भजनाची कॅसेट लावायची बुद्धी मला झाली. म्हाताऱ्याने डोळे मिटून अर्धे भजन ऐकले आणि शांतपणे विचारले, जवाईबापू, या बुवाच्या घशात चिलट गेलं काय? सासऱ्यासमोर अशी शोभा झाल्यावर माणूस काय करील? घरी येऊन मी तुम्हाला ते पत्र लिहिले. ‘फुटके डमरू गळ्यात बांधलेत’ हे वाक्य त्यातलेच. त्याच्या खालचे वाक्य आज मला स्वतःला आठवायची इच्छा नाही.

पत्र टाकून झाल्यावर दुरुस्ती काढली. (उलटे करायला हवे होते, हे मला मान्य आहे.) आमच्याकडे तुलाराम म्हणून रेडिओचा मिस्त्री आहे. हात चांगला, पण तोंड त्याहून चालते. त्याने स्पीकरला कान लावला आणि सांगितले की पडदा ढिला आहे. स्पीकर बाहेर काढायची गरज नाही म्हणाला, वरूनच काम होते. सगळे स्क्रू आवळले. घरघर कायम. मग सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून कडेकडेने खोचले. घरघर कायम, वर रबराचा वास. मग त्याने दाराचे आतले पत्रे खोलले, कारण आवाज तिथून येतो असे त्याला वाटले. पत्रे परत बसले, पण तेव्हापासून डाव्या बाजूची काच वर जात नाही. शेवटी त्याने डिकीत शिरून कसली तरी वायर ओढली आणि विजयी चेहऱ्याने बाहेर आला. टेप लावला. घरघर साफ गेली होती. गाणेही गेले होते. मी ओरडलो तर मलाच म्हणतो, “मालक, तक्रार घरघरीची होती ना? गेली ना घरघर? मंग आता काहून चिडून राहिले?” वायर परत जोडायला लावली, तशी दोघे हातात हात घालून परत आले.

त्यानंतर काल भंडाऱ्याला गेलो. स्पीकरसाठी नाही, कुंतासाठी. तिला पाणी भरायची पितळेची गुंडी घेऊन दिली तर ‘ताट वाढलं’च्या पुढे एखादा शब्द निघेल असा हिशेब होता. कवडू तांबटाचे दुकान तुम्हाला माहीत आहे. हा माणूस गुंडी डोळ्यांनी पाहत नाही, बोटाने टिचकी मारतो आणि कानाने पाहतो. कुठे केसाएवढी चीर असली तरी सांगतो. गुंडी गाडीत ठेवायला आला, तेव्हा टेप चालू होता. त्याने मागच्या काचेखालच्या फळीवर, स्पीकरच्या शेजारी, दोन टिचक्या मारल्या, कान दिला आणि मान हलवली. “फुटलं भांडं असलं त आवाज मरते. हे फुटलं नाही, शेठ. याच्यात काही भरून आहे. कायले बदनाम करता बिचाऱ्याले?” असे म्हणून त्याने माझी परवानगीही न घेता जाळी उचकटली.

साढूभाऊ, इथे मला थोडा धंदा समजावून सांगावा लागेल. तांदळाचा सौदा करण्याआधी आम्ही प्रत्येक मिलमधून मूठभर नमुना उचलतो आणि त्याला ऊन दाखवतो. ऊन लागले की ओल कळते, रंग कळतो. आता फियाटच्या मागच्या काचेखाली दिवसभर छान ऊन येते. तिथे दोन गोल जाळ्या आयत्याच होत्या, खालून हवाही लागते. मला वाटले, देवानेच सोय केली. उन्हाळ्यापासून मी उजव्या जाळीवर नमुने वाळवत होतो. अख्खा दाणा वर राहतो आणि कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, खाली जातो. कनकी खाली कुठे जाते हा विचार मात्र मी एकदाही केला नाही. उलट यंदाच्या मालात कनकी किती कमी म्हणून खूश होऊन मी दोन लॉट चढ्या भावाने घेतले!

उजव्या स्पीकरच्या पडद्यावर दोन ओंजळी कनकी निघाली. टेप चालूच होता आणि दाणे लाह्यांसारखे उडत होते. नमुन्यांतली एकही जात सुटली नव्हती, लुचई होती, हिरानक्की होती, चिन्नोर तर वासावरून ओळखू आला. कवडू म्हणाला, “शेठ, खिचडीपुरतं आहे.” आजूबाजूचे दुकानदार हसले. मीही हसलो, पण केशवराव, खरे सांगतो, लाज वाटली. चांगल्या वस्तूत मीच माती कालवली आणि बोंब तुमच्या नावाने मारली. त्यापायी दोन बहिणींचे बोलणे तुटले. घर इतके गप्प आहे की मला आमच्या घड्याळाची टिकटिक पहिल्यांदाच ऐकू आली. तर चूक कोणाची हे मी वेगळे लिहीत नाही, आपण सुज्ञ आहात. ताईंना घेऊन मंडईला यावे. मी स्वतः गाडी घेऊन नागपूरला न्यायला येतो. (डाव्या बाजूला बसू नये, वारा लागतो.)

आपला,
यादोराव

ता. क. — मंडईला येताना माझे ते मागचे पत्र सोबत आणू नये. फाडून टाकले असल्यास उत्तम. नसल्यास निदान तिसरे पान फाडावे, कारण त्यात मामाजींनी हुंड्यात दिलेल्या बैलाचा नको तसा उल्लेख आहे आणि तो बैल मामाजींना अजून प्रिय आहे. खरे म्हणजे हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतले होते.

ता. क. दुसरा — खोटे राहू नये म्हणून कळवतो. उजवा स्पीकर माझा गुन्हा, पण डाव्या स्पीकरमध्ये तांदळाचा एक दाणा नव्हता. त्यात मूठभर फुटाण्यांची सालं आणि चार अख्खे फुटाणे निघाले. मला फुटाणे चावत नाहीत, आणि कुंता म्हणते त्याने वात होतो. म्हणजे ही घरघर नागपूरहूनच आलेली आहे. सबब वरच्या मजकुरात कुठे माफी दिसली असल्यास ती अर्धीच समजावी.

ता. क. तिसरा — ताई, हे पाकीट चिकटवायले माह्याजवळ दिलं म्हणून वाचलं. फुटाणे माहे आहेत. हे मिलमध्ये सौदा करत बसतात अन् मी मागच्या सीटवर बसून खाते. सालं जाळीत जात होती ते मले दिसे. यांनी भाऊजीले ते पत्र लिहिलं तेव्हाही मले ठाऊक होतं, पण मी बोलली नाही. मंग तुले कोणत्या तोंडानं पत्र टाकू? यांच्यावर रागच धरून बसली, तेच सोपं होतं. भाऊजीले सांग, माफी पूर्णच धरा, अर्धी यांची, अर्धी माही. तू ये. सतरंजी मी आणते, फुटाणे तू आण.
कुंता