मेरिबेलच्या दारात कोण?

बर्बँक, कॅलिफोर्निया

प्रिय अर्लीनताई,

धाकट्या मर्लचा तुला, आणि नेब्रास्कातल्या तुझ्या सगळ्या गोतावळ्याला (मेहुण्यांच्या ट्रॅक्टरसकट) मनापासून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? हा प्रश्न मी दर पत्रात विचारतो आणि तू 'ठणठणीत' या एका शब्दात तो निकालात काढतेस. या खेपेला जरा सविस्तर कळव. दम लागतो का, जेवण जातं का, रात्री छातीत काही होतं का. होत नसेल तर नीट आठवून बघ. तुझ्या वयाच्या बाईला काहीच होत नाही हे ऐकायला बरं वाटत नाही.

इकडे मालिका लिहिणाऱ्यांचा संप चाललाय हे तुझ्या कानावर आलंच असेल. सगळे लेखक घरी कागद मिटून ठेवून स्टुडिओच्या फाटकाबाहेर फलक घेऊन फेऱ्या मारताहेत. माझा या संपाला पूर्ण पाठिंबा आहे. सगळा जन्म सिटी बस चालवण्यात गेला, आमच्या संपात मीही डेपोसमोर असाच फिरलो आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. ज्याच्या डोक्यातून गोष्ट निघते त्यानेच घरभाड्याची काळजी करत झोपावं, हे मला पटत नाही. हे झालं तत्त्वाचं. पण ताई, तत्त्व संध्याकाळी सातपर्यंत टिकतं. सात वाजले की माझी 'कॉटनवुड' मालिका लागायची (तू जिला 'ते रडगाणं' म्हणतेस ती). शेवटच्या भागात मेरिबेल लग्नाचा पांढरा झगा घालून उभी आहे, थोड्या वेळाने त्या बँकवाल्या प्रेस्कॉटशी तिचं लग्न लागणार आहे, आणि दारावर थाप पडते. ती दार उघडते, हातातली बशी पडते, ती म्हणते, "तू?" आणि पडदा काळा. दुसऱ्या दिवशी संप. तेव्हापासून सात वाजता केक बिघडला म्हणून रडणाऱ्या लोकांची स्पर्धा दाखवतात. मी खुर्चीत बसून आधी वाहिनीवाल्यांना शिव्या देतो, मग लेखकांना, मग लेखकांना दिल्या म्हणून स्वतःला.

शेवटी विचार केला, घरी बसून चिडण्यापेक्षा फाटकावर जाऊन पाठिंबा द्यावा. (पाठिंबा देता देता कुणी दारातल्या माणसाचं नाव बोलून गेलं, तर कान झाकून घेण्याइतका मी साधू नाही.) डोनटांचं मोठं खोकं घेऊन गेलो. तिथला म्होरक्या जेरोम नावाचा दाढीवाला पोरगा. मी जुना संपवाला आहे म्हटल्यावर त्याने मला मिठी मारली, फलक दिला आणि रांगेत घुसवलं. माझं नशीब असं, की पुढे चालणारी मुलगी 'कॉटनवुड'चीच लेखिका निघाली. डेल्फीन ओचोआ. नाकात चमकी, पायात फाटके बूट. ज्या हाताने मेरिबेलचं दार वाजवलं तो हात माझ्यापुढे अर्ध्या हातावर, आणि त्यात माझाच डोनट.

मी रोज जाऊ लागलो. घोषणा दिल्या, उन्हात नाक सोलून घेतलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना भोंगे वाजवायला लावले. मधूनच आडून आडून विषय काढायचो. बशी चिनीमातीची होती का, येणाऱ्याचे बूट ओले होते का. डेल्फीन हसायची आणि म्हणायची, "काका, गोष्टीबद्दल बोलणं म्हणजेसुद्धा काम. आणि काम बंद आहे." तत्त्व म्हणून मला हे अतिशय आवडलं. माणूस म्हणून तिचा फलक तिच्याच डोक्यात घालावासा वाटला.

आणि मग, ताई, परवा माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. उन्हाने गेलं असेल. मी म्हणालो, "माझ्यासाठी नाही गं विचारत. माझी थोरली बहीण आहे नेब्रास्कात. ती आता थोड्या दिवसांची सोबती आहे. तिला जाण्याआधी दारात कोण आहे एवढंच जाणून घ्यायचंय."

रांग थांबली. जेरोमने टोपी काढली. एका विनोदी मालिकेच्या लेखकाला हुंदका आला. डेल्फीन मला जॅकरँडाच्या झाडाच्या सावलीत घेऊन गेली आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

"काका, खरं सांगते," ती म्हणाली. "दारात कोण आहे ते आम्हालाही ठाऊक नाही. संप होणार हे दिसत होतं. म्हणून थाप मारून ठेवली, पुढचं पुढे बघू म्हटलं."

मी तिथेच फरसबंदीवर बसलो. एवढे दिवस मी ज्या दाराला कान लावून होतो, त्याच्यामागे कुणीच नव्हतं. ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "संप मिटला की पुढचा भाग मलाच लिहायचाय. तुमच्या ताईंनाच विचारते ना, त्यांना कोण हवंय ते. नंबर द्या."

मी दिला. काय करणार, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तुझ्या प्रकृतीला जप.

तुझा भाऊ,
मर्ल

ता. क. गुरुवारी दुपारी डेल्फीनचा फोन येईल. त्या वेळी बोलिंगला जाऊ नकोस. आवाज बारीक ठेव, दोन शब्दांमध्ये थांब, मागे मेहुण्यांनी रेडिओ लावू नये. मालिका भुक्कड आहे हे कृपा करून म्हणू नकोस. दारात कोण हवं असं तिने विचारलं, की म्हण, लूथर. लूथर म्हणजे मेरिबेलचा पहिला नवरा, पुरात वाहून गेलेला. प्रेत सापडलं नव्हतं. तुझी भावजय जॉइस हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यातसुद्धा मला सांगत होती, तो मेलेला नाही, तू बघ, परत येईल. मी तेव्हा तिला हसलो होतो.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घातलं आणि झोप उडाली. संप चालू असताना दारात कोण ते ठरवायचं म्हणजे लेखकाचं काम झालं. तू ते करणार, मी तुला सांगणार, म्हणजे आपण दोघं संपफोडे. बाबा असते तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं. तेव्हा गुरुवारी फोन उचलूच नकोस. मेहुण्यांना सांगून ठेव, तू झोपली आहेस म्हणून.

ता. क. तिसरा. उचललासच, तर 'लूथर' एवढंच म्हण आणि खोकत ठेवून दे. एका शब्दाला काम म्हणत नाहीत. मी जेरोमला, दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट आहे असं सांगून, विचारून घेतलंय.