दोनशेव्या पानावरची ताटातूट

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
आजपासून रोज लिहीन. मोठे लोक लिहितात असं एका व्हिडिओत सांगून राहिले होते. नियम ठरवले. तंबाखूचा खर्रा बंद. सकाळी धावणे. ओपन स्कूलमधून दहावी. रसमड्याच्या लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीजवळ हेल्पर म्हणून किती दिवस भाजून घ्यायचं? उन्हाळ्याच्या आत ऑपरेटर.
शेवटचा खर्रा आत्ताच खाल्ला. पुडीत होता, फेकणं बरोबर नाही.

५ नोव्हेंबर
धावलो नाही. रूम पार्टनर भूपेंद्र उठला नाही अन् अंधारात एकटा धावला तं लोक चोर समजतात.
आमची घरमालकीण टीना आंटी. मल्याळी. नर्स होत्या, आता रिटायर. लग्न केलं नाही. भिलाईच्या सेक्टरमधल्या त्यांच्या क्वार्टरच्या मागं आमची खोली. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, वाचायची मनाई आहे. म्हणे, तुम दोनों में हिंदी कौन अच्छा पढ़ता है? भूपेंद्रनं माह्याकडं बोट दाखवलं अन् चप्पल घालून निघून गेला.
उद्यापासून रोज चहाच्या टायमाले एक तास वाचायचं. म्हाताऱ्या माणसाची सेवा. बाकी मले वाचनाचा शौक नाही.

६ नोव्हेंबर
पुस्तक बायबल असंन असं वाटलं होतं. लव्ह स्टोरी निघाली! चर्चच्या दुकानातली, इंग्रजीतून हिंदीत केलेली. आंटीकडं पूर्ण कपाट भरून आहे. कव्हरवर गव्हाचं शेत, लांब फ्रॉकवाली पोरगी पाठमोरी, मागं लाकडाचं घर. हिरो जोएल, सुतार. बायको वारलेली. कोणाशी बोलत नाही, लाकडं फोडते. गावात एस्तेर नावाची मास्तरीण येते.
एका तासात ते एकमेकाले नुसतं गुड मॉर्निंग म्हणाले. कंटाळवाणं आहे.

१० नोव्हेंबर
आंटी म्हणाल्या, आज रहने दे, थक गया होगा. म्हटलं नाही, सेवा म्हणजे सेवा. दोन तास वाचलं. एस्तेरचा पाय मोडला. जोएलनं उचलून घरी आणलं अन् बाहेर व्हरांड्यात झोपला. व्हरांड्यात! थंडीत!
मिलमध्ये दिवसभर तेच डोक्यात. सुपरवायझर ओरडला, ध्यान कहाँ है.

१५ नोव्हेंबर
अर्धं पुस्तक झालं, अजून हात धरला नाही. मले या गोष्टींचं काही नाही, पण एक पाहून राहिलो. दुष्काळ, मोडलेला पाय, चुकलेलं पत्र, त्या पुस्तकात सगळ्याले कारण असते. वरून कोणीतरी पाहून राहिला असते. आमच्या मिलमध्ये ब्रेकडाऊन होते तं कारण सापडत नाही, फक्त माणूस सापडते. अन् जोएलले कोणी विचारत नाही, परमनंट आहे का कॉन्ट्रॅक्टवर.
भूपेंद्रनं विचारलं, रोज वहाँ क्या करता है बे? म्हटलं, इंजेक्शनचं शिकून राहिलो.

२४ नोव्हेंबर, गावाहून येताना गाडीत
मायनं अर्जंट बोलावलं होतं. केवलराममामानं पोरगी पाहिली. तुमसरजवळचं गाव. नाव अपेक्षा. बारावी पास, तालुक्याले कॉम्प्युटरवर दाखले काढायचं काम करते. मी नाहीच म्हणणार होतो.
तिच्या बाबानं पहिलं तेच विचारलं, परमनंट का? मी उत्तर दिलं नाही. जोएल देत नाही. खिडकीबाहेर खोल नजरेनं पाहिलं. बाहेर म्हैस होती. मामा घाईनं म्हणे, होऊनच राहिला. तिच्या काकूनं मायले हळूच विचारलं, पोराले ऐकू येते ना बाई?
मंग दोघांना अंगणात बोलायले सोडलं. ती म्हणे, मी पसंत नाही का दात दुखून राहिला? मी म्हटलं, मी आतून जखमी माणूस आहे. तिनं माहे हात उलटेपालटे करून पाहिले. म्हणे, कुठं? मशीनमध्ये गेला का? हळद लावली का?
हात धरला तिनं. पहिल्याच भेटीत. पुस्तकात एवढ्या घाईत होत नाही. मी जरा नाराज आहे.

२ डिसेंबर
अपेक्षाचा रोज फोन येते. बोलायले विषय नव्हता म्हणून तिले जोएलची गोष्ट सांगून राहिलो. फक्त टाइमपास.
ती मधात मधात विचारते. एस्तेरचा पाय मोडला तं गायीची धार कोण काढते? शाळेले सुट्टी टाकली का? पगार कापला का? मी म्हटलं, असं विचारायचं नसते, भावना पाहायची. ती म्हणे बरं. मंग?
तिचं ते 'मंग?' ऐकायले बरं वाटते. एवढंच.

११ डिसेंबर
दहावीचा फॉर्म राहिला. शेवटची तारीख होऊन गेली. पण जोएल बी शिकलेला नव्हता.
नवीन पुस्तक सुरू. यातला हिरो लोहार! भट्टीवर काम करते! आंटीकडं पाहिलं, काही ठरवून काढलं का. त्या म्हणे, जो हाथ में आया वो निकाला. त्यांना काय माहीत, हात कोण चालवते ते.

२५ डिसेंबर
आंटीकडं केक. भूपेंद्रनं चार तुकडे खाल्ले अन् विचारलं, आंटी, इसका इंजेक्शन का ट्रेनिंग कब पूरा होगा? आंटी एवढ्या हसल्या की डोळ्यात ड्रॉप टाकावा लागला.
अपेक्षाले संध्याकाळी लोहाराची गोष्ट सांगतली. तो मनातलं सांगत नाही, रोज तिच्या फाटकाची कडी दुरुस्त करते. ती म्हणे, रोज रोज कडी बिघडते कशी? अन् त्याले म्हणा, ठोकणं बस झालं, आता तोंड उघड. मंग थांबून म्हणे, तुमाले बी.
मी काही बोललो नाही. फोन मात्र कोणी कापला नाही. पूर्ण पुस्तकात असं पान मी वाचलं नाही. पण लिहून ठेवण्यासारखं काही नाही.

१० जानेवारी
मामाचा फोन. तिचा बाप तयार झाला. कॉन्ट्रॅक्ट तं कॉन्ट्रॅक्ट, म्हणे, पोरगा निर्व्यसनी आहे. (खर्रा खिशात होता. सोमवारपासून बंदच आहे.) संक्रांत झाली की बैठक. अपेक्षानं घरी सांगून टाकलं की भिलाईले बी दाखल्याचं काम भेटते, दोघं कमावू. माय आनंदानं रडली.
सगळं सुरळीत चाललं. हेच मले खटकून राहिलं. झोप नाही.

१२ जानेवारी
आज सापडलं. वाचलेल्या सगळ्या पुस्तकात दोनशेव्या पानाजवळ हिरो हिरोइनले सोडून देते. स्वतःहून. म्हणते, मी तुझ्या लायक नाही, मैं तुम्हें आज़ाद करता हूँ. मंग एक हिवाळा जाते. मंग ती परत येते, बर्फात, स्वतःच्या पायानं. तवा कुठं ते खरं प्रेम.
आंटीले विचारलं, असं कावून? त्या चहा पिता पिता म्हणे, जुदाई नहीं होगी तो किताब डेढ़ सौ पेज में खतम हो जाएगी ना.
किती खोल बोलल्या! आमचं दीडशे पानात खतम होऊन राहिलं. बैठक, साखरपुडा, हळद. परीक्षाच नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
मेसेज पाठवला. मैं तुम्हें आज़ाद करता हूँ. हिंदीतच, मराठीत ते नकार वाटते. सोबत तिळगुळाचं चित्र.
फार मोकळं वाटून राहिलं. दोन खर्रे खाल्ले.

१५ जानेवारी
तिचा फोन आला. कावून? म्हणे. दुसरी कोणी आहे का? आमचे बाबा काही लागट बोलले का? पगाराचं असंन तं मी बोलली ना, दोघं कमावू. मी काही बोललो नाही. अशा जागी हिरो नुसता पाहते अन् डोळे सगळं सांगतात. ती म्हणे, हॅलो? हॅलो? बोला ना. एक शब्द बोला. मी पाहूनच राहिलो.
फोनवर डोळे दिसत नाही हे नंतर ध्यानात आलं. पण भावना पोचली असंन.

१६ जानेवारी
मामानं शिव्या दिल्या. समाजात तोंड दाखवायले जागा नाही म्हणे. मायचा फोन उचलला नाही. लोहाराले बी गाव बोललं होतं.

२८ जानेवारी
वाट पाहून राहिलो. मिलमध्ये पाण्याच्या टाकीजवळ उभा राहतो, तिथून गेट दिसते. सुपरवायझर म्हणे, ट्रक गिनता है क्या? एक दिवसाचा पगार कापला. पुस्तकात वाट पाहणाऱ्याचा पगार कापत नाही.
तिचा फोन नाही. हे चांगलं लक्षण आहे. हिवाळ्यात हिरोइन फोन करत नाही.

५ फेब्रुवारी
आंटीले सांगून टाकलं. वाटलं शाबासकी देतील. त्या उभ्याच राहिल्या. म्हणे, अरे पागल! किताब में लेखिका उसको वापस लाती है. तेरे को कौन लिख रहा है? जा, अभी फोन कर. अभी! पुस्तक बी हातातून घेतलं.
आंटीले अनुभव कमी आहे. लग्न केलं नाही ना. तरी फोन लावला. एक रिंग गेली, मी कापला. दोनशे तीसच्या पानावर हिरो फोन करत नाही.
तिनं उलटा फोन केला नाही. रेंज नसंन.

९ फेब्रुवारी
मायचा फोन उचलला. अपेक्षाचं जमलं. साकोलीकडचा पोरगा, रेल्वेत ट्रॅकमन, परमनंट. वीस तारखेले लग्न. माय म्हणे, बाबू, तुले नाही म्हणायचं होतं तं त्या पोरीले रोज गोष्टी कावून सांगत होता रे?
म्हटलं, टाइमपास. मायनं फोन ठेवून दिला.
आज भट्टीजवळ थंडी वाजली.

१३ फेब्रुवारी
घाबरायचं कारण नाही. आंटीच्या कपाटात तिसऱ्या फळीवरच्या पुस्तकात हेच आहे. हिरोइनचं दुसऱ्याशी लग्न लागते, चर्च भरलेलं, पाद्री विचारते, किसी को एतराज है? सगळे चूप. अन् मागचं दार उघडते.
भूपेंद्रले विचारलं. तो म्हणे, अबे हमारे यहाँ कौन पूछता है? जिसको एतराज रहता है वो खाने के टाइम बताता है.
पण आपल्यात बी जागा आहे. मंगलाष्टकात दरवेळी सावधान म्हणतात ते कशासाठी? तिथं जरासं थांबतात. तेवढं बस. मी उभा राहीन अन् मराठीत बोलीन. वाक्य पाठ केलं: मी सोडलं नव्हतं, मले भेव वाटलं होतं.
लिहिल्यावर पाहिलं, हे वाक्य पुस्तकातलं नाही. कुठून आलं माहीत नाही.

१९ फेब्रुवारी
सुट्टी नामंजूर. तरी जाऊन राहिलो. आंटीनं प्रेस केलेला शर्ट दिला, त्यांच्या भावाचा. म्हणे, पहुँचते ही बोल देना, मंडप तक मत रुकना. पण आधी बोललं तं मजा काय?

२० फेब्रुवारी, संध्याकाळ, स्टेशनवर
सगळं ठरल्याप्रमाणं झालं असतं. काही अडचणी आल्या.
पोचलो तवा ती अंगणात दिसली, हळदीच्या अंगानं, बायांमध्ये. तिनं मले पाहिलं. उभी राहिली. ती म्हणे, बोला. मी मनात म्हटलं, अजून नाही, सावधानले. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मंग म्हणे, जेवून जा. अन् आत गेली.
मंडपात मागं उभा राहिलो. तिची काकू अक्षता वाटत आली, गर्दीत तिनं मले ओळखलं नाही. म्हणे, अहो बाप्पा, एका हातात काय घेता, ओंजळ करा. दोन्ही हात भरून दिल्या. आता हात भरलेले असले तं माणूस हात वर कसा करंन? म्हटलं, थोड्या कमी झाल्या की बोलू.
पहिलं सावधान झालं. सगळ्यांनी फेकल्या, मी बी फेकल्या. दुसऱ्याले वाक्य तोंडापर्यंत आणलं, बँडवाल्यानं मधातच एक ठोका मारला. तिसऱ्याले काकूनं अजून ओंजळ भरली. मंग मोजलं नाही. हात आपोआप चालत होते. अंतरपाट कधी निघाला ते मागून दिसलं नाही.
ओंजळ रिकामी झाली तवा फटाके वाजून राहिले होते.
काकू म्हणे, बाप्पा, नेम चांगला आहे तुमचा, एवढ्या दुरून बराबर नवरीच्या डोक्यावर.
मी थँक्यू म्हटलं.