सासूबाईंची वेणी

सँटोरिनी, सोमवार

आई, आधी तुझ्या हाताचा मुका घेते. मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? इथले टोमॅटो यंदा बारके, पण गोड आलेत.

सासूबाईंना पुरून तीन वर्षं झाली. रीतीप्रमाणे हाडं काढून वाइननं धुवायला आम्ही बायका गेलो. पेटी उघडली, तर सासूबाई होत्या तशाच. वेणीसुद्धा सुटली नव्हती.

"हिला कुणीतरी अजून क्षमा केलेली नाही," पाद्रीबाबा म्हणाले. मग अख्खं गाव एकेक करून "क्षमा केली" म्हणून गेलं. मीही म्हटलं.

आज सकाळी पुन्हा उघडलं. काहीच फरक नव्हता.

परतताना स्तामातीसनी हळूच विचारलं, "तू मनापासून म्हणालीस ना?"

"तुमची आई ती. असं काय विचारता?" म्हटलं.

आई, सुईण उशिरा आली म्हणून बाळ गेलं, असं तुला कळवलं होतं. सुईण वेळेवर आली होती. "पहिलटकरणीला वेळ लागतो," म्हणत सासूबाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं.

रविवारी पुन्हा उघडणार आहेत. तोवर माती होईल, असं सगळे म्हणतात. होणार नाही, हे मला एकटीला माहीत आहे.

तुझीच,
अनेझिना